दोन शिट्ट्यांमधला उजेड

“कुठलीही एक रात्र सांगा, वहिनी,” नफिसा मुकादम म्हणाली. “मनात येईल ती.”

चारुशीला घाडीने मनात आली ती रात्र सांगितली नाही. तिने गेल्या वर्षीची, शिमग्याआधीची अमावास्या सांगितली. त्या रात्री सड्यावर आठ-दहा प्रवासी होते, आकाश स्वच्छ होतं, ज्याला त्याला हवा तो फोटो मिळाला होता आणि सांगण्यासारखं काहीही घडलं नव्हतं.

पडवीतल्या बाकावर लॅपटॉप होता. पडद्यावर धामणकोंडचा नकाशा आला. खाली खाडी, खाडीच्या काठाने घरं, घरांमागे आंब्याची कलमं आणि या सगळ्याच्या वर जांभ्या दगडाचा सपाट, उघडाबोडका सडा. नफिसाने एक कळ दाबली तशी काळ्या नकाशावर पिवळे ठिपके उगवले. खाडीत काही होड्या होत्या. घाटरस्त्यावर एक मोटारसायकल वळणावळणाला लपत, पुन्हा दिसत खाली उतरत होती. आणि तिर्लोटकरांच्या कलमांमधून एक दिवा सावकाश चालला होता. तो दोनदा थांबला, मग भलत्याच घराच्या मागच्या दाराशी जाऊन विझला.

“हा फोटो काढला कुठून?” चारुने विचारलं. “ड्रोनवरून?”

“हा तुमचाच फोटो आहे. त्या रात्री तुमच्या दुर्बिणी सिंह राशीतल्या दीर्घिकांवर रोखलेल्या होत्या. जमिनीकडे कुणीच बघत नव्हतं.”

नफिसा मूळची रत्नागिरीची. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत ती प्रकाशावर काम करत होती आणि गेल्याच वर्षी तिच्या गटाला ही युक्ती साधली होती. तिने ती पडवीत बसून, चहाची वाट बघत, सोप्या शब्दांत सांगितली.

जमिनीवरचा कुठलाही दिवा थोडा उजेड वर फेकतो. तो हवेतल्या धुळीला, बाष्पाला, समुद्रावरून आलेल्या मिठाच्या कणांना लागून विखुरतो आणि त्यातला अगदी क्षुल्लक भाग पुन्हा खाली येतो. शहरांच्या डोक्यावर रात्री जो पिवळट धुरकटपणा दिसतो, तो हाच परतलेला उजेड. एकट्यादुकट्या बॅटरीचा परतलेला उजेड मात्र इतका कमी, की जुन्या कॅमेऱ्याला त्याचा पत्ता लागत नसे. जुना कॅमेरा झडप उघडून काही मिनिटं उजेड साठवायचा, पागोळीखाली भांडं ठेवावं तसा. भांडं किती भरलं ते कळे. कुठला थेंब कधी पडला ते कळत नसे. आताचे कणमोजणी कॅमेरे थेंब न् थेंब मोजतात. प्रकाशाचा प्रत्येक कण आला कधी, याची सेकंदाच्या अब्जाव्या भागापर्यंत नोंद ठेवतात. त्यांना झडपच नसते. एकदा चालू केले की बंद करेपर्यंत ते मोजतच राहतात.

“आणि दुसरी गोष्ट म्हणजे आताचे दिवे,” नफिसा म्हणाली. “एलईडी आपल्याला सतत जळतोय असं वाटतं. खरं तर तो सेकंदाला हजारो वेळा लुकलुकतो. त्याच्या आतल्या सर्किटमुळे प्रत्येक दिव्याची लय किंचित निराळी असते. माणसाच्या आवाजासारखी. कणांच्या नोंदीत ती लय शोधली की हा दिवा कुणाचा, कुठे होता, किती वेळ होता, सगळं सुटं करता येतं. शंभर दिवे एकदम लागले असले तरी.”

असे कॅमेरे आता पुष्कळांकडे होते. पण इतक्या अंधाऱ्या जागी, पाच वर्षं, पावसाळे सोडून सलग चाललेले कॅमेरे फक्त धामणकोंडच्या सड्यावर होते. त्या सगळ्या नोंदी वापरायची परवानगी मागायला नफिसा आली होती.

“सगळ्या रात्री आहेत त्यात?” चारुने विचारलं.

“कॅमेरा चालू होता त्या सगळ्या.”

“चहा उतू जाईल,” असं म्हणून चारु आत गेली. चहा अजून चुलीवर चढवलेलाही नव्हता.

*

चारु माहेरची सांगलीची. भौतिकशास्त्रात पदवी घेऊन ती श्रीरंग घाडीशी लग्न करून या गावात आली, तेव्हा बायका तिला ‘घाटावरची’ म्हणत. सड्यावरचा अंधार विकता येईल हे पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं. पुण्या-मुंबईची, बंगळूरची माणसं आयुष्यात आकाशगंगा न बघता म्हातारी होत होती. तिने वर तळ टाकला, दुर्बिणी आणल्या, माणसांना मृगातला तेजोमेघ कसा टिपायचा, देवयानी दीर्घिकेचे सर्पिल बाहू फोटोत कसे उतरवायचे, हे शिकवू लागली. श्रीरंग पाहुण्यांना गावातून वर आणायचा, चहा-घावणे करून आणायचा आणि बोलायचा. बोलण्याचं काम सगळं त्याचं.

तळावर एकच कायदा होता आणि तो चारुचा होता. कॅमेरे चालू असताना पांढरा उजेड नाही. कपाळावर मंद लाल दिवा, बस्स. ठरलेल्या वेळाने ती एक शिट्टी मारायची. मग थोडा विसावा. त्यात लोक आपापल्या बॅटऱ्या लावून चहा पीत, जोडे शोधत, आडोशाला जाऊन येत. दुसरी शिट्टी झाली की सगळे दिवे बंद. पुन्हा काळोख.

पहिल्याच हंगामात, जुने झडपेचे कॅमेरे होते तेव्हा, श्रीरंग लखलखीत बॅटरी घेऊन गाणं म्हणत तळावर आला होता आणि नाशिकच्या एका डॉक्टर जोडप्याची सगळी मेहनत त्याने पाण्यात घातली होती. चारु चारचौघांत त्याच्यावर ओरडली. “वाटेत पडलास तर पड, पण बॅटरी लावू नको!”

दुसरा कुणी असता तर रुसला असता. श्रीरंगने त्या वाक्याची मेजवानी केली. पुढच्या प्रत्येक तुकडीला तो हात जोडून सांगायचा, “मंडळी, आमच्या बाईसाहेबांचा हुकूम आहे, पडलात तर पडा, पण बॅटरी लावू नका. मी नवरा असून मला माफी नाही, तुमची काय कथा!” लोक हसायचे आणि बॅटऱ्या खिशात घालायचे. सूचनेची पाटी लावून जे झालं नसतं ते त्याच्या या विनोदाने व्हायचं.

तीन वर्षांपूर्वी, पौषातल्या अमावास्येला, तो दुसऱ्या फेरीचा चहा घेऊन घरून निघाला आणि तळावर पोचला नाही. चारुला वाटलं, घरीच लवंडला असेल. तसं आधी झालं होतं. त्याच्या आईला वाटलं, तळावर असेल. सकाळी गुरं वर नेणाऱ्या बाईला तो वाटेजवळच्या जुन्या चिरेखाणीत दिसला. चिरे काढून सोडून दिलेला तो खड्डा दोन पुरुष खोल होता. किटली त्याच्याआधी पडली असावी; ती चेपली होती. फोन तळावरच चार्जिंगला होता, नाही तरी वर रेंज कुठे होती. पोलिसांनी त्याच्या वस्तू पिशवीतून घरी दिल्या आणि सरकारी दवाखान्यातले डॉक्टर त्याच्या आईला म्हणाले, “पडला आणि गेला, आजी. त्याला कळलंही नसेल.”

तीन वर्षं ते वाक्य घरात देवाच्या तसबिरीसारखं टांगलेलं होतं. त्याला कुणी हात लावत नसे.

*

नफिसाची युक्ती गावात पसरायला एक संध्याकाळ पुरली. तिसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसली. सरपंच दत्ताराम तिर्लोटकर उभे राहूनच बोलत होते.

“वर बघतो म्हणून सांगितलंत आणि आमची परसं बघत बसलात?”

“मी काही बघितलं नाही, दत्तारामभाऊ,” चारु म्हणाली. “बघता येतं हेच मला परवा कळलं.”

“आता कळलं ना? मग पुसा!”

मागून पांडूकाका गुरव म्हणाले, “सरपंचानू, तुम्ही एवढे तापताय कशाला? तुमच्या कलमांत कुणाची बॅटरी फिरते ते कॅमेऱ्याशिवाय पण सगळ्यांना ठाऊक हाय.”

पटांगण हसलं. सरपंचांचे कान लाल झाले. हसणं ओसरायच्या आत एक बाई उठली. ती कुणाची कोण, आणि तो दिवा कुणाच्या दाराशी विझतो, हे सांगायची गरज नव्हती. गाव लहान होतं.

“हसा,” ती म्हणाली. “उद्या माझ्या मुलीच्या सासरचे इथे येऊन म्हणाले, लग्नाआधी ही रात्री कुठल्या घरी गेली ते दाखवा, तर दाखवाल? ती शेजारच्या म्हातारीला औषध द्यायला जायची. ठिपक्यात औषध दिसतं का, सांगा.”

नफिसा चारुच्या शेजारी बसली होती, तिने मान खाली घातली. एवढा साधा प्रश्न संस्थेतल्या कुणालाच सुचला नव्हता.

ठराव झाला. शिमग्याला मुंबईचे चाकरमानी यायच्या आत सगळ्या नोंदी पुसायच्या आणि पुढे पाहुण्यांच्या फोटोपुरतंच ठेवून रोजच्या रोज बाकीचं नष्ट करायचं. चारुने होकार दिला. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. कॅमेरे तिचे होते, पण रात्री सगळ्या गावाच्या होत्या.

घरी येताना पायवाटेवर ती अचानक थांबली.

“नफिसा, एखादा ठराविक दिवा शोधायचा असेल तर?”

“दिवा हाती असला तर सोपं आहे. आधी त्याची लय मोजायची, मग त्या रात्रीच्या नोंदीत तीच शोधायची.” नफिसा पुढे चालत होती, तीही थांबली. तिला श्रीरंगबद्दल माहीत होतं. येण्याआधीच तिने चौकशी केली होती आणि आजवर ती त्या विषयाच्या लांबून गेली होती. “वहिनी, पुसायचंच आहे सगळं. ती रात्रही पुसली जाईल. बघितलंच पाहिजे असं नाही.”

“न बघता पुसली तर मला जन्मभर दिसत राहील,” चारु म्हणाली. “तो लगेच गेला असेल तर नोंदीत काही नसेल. मग मी ते वाक्य स्वतःच्या बळावर म्हणेन. आता डॉक्टरांच्या उधारीवर म्हणते.”

*

श्रीरंगची पिवळी बॅटरी आईंच्या कपाटात होती. चारुने मागितली तेव्हा म्हातारीने का म्हणून विचारलं नाही. लुगड्यांच्या तळातून एक फडकं काढलं, गाठ सोडली आणि बॅटरी सुनेच्या हातावर ठेवली.

“चार्ज करायला हवी,” चारु म्हणाली.

“हवीच,” आई म्हणाल्या आणि कपाट लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माडीवरच्या खोलीच्या खिडक्या लावून नफिसाने तो झोत भिंतीवर पाडला. काचेवर चरा गेला होता, उजेडात त्याची रेघ दिसत होती. मोजायला काही क्षण पुरले. मग तिने पौषातली ती अमावास्या उघडली, दुर्बिणी कुठे रोखलेल्या होत्या ते यंत्राला सांगितलं आणि दोघी वाट बघत बसल्या. खाली आई नारळ खवत होत्या, त्याचा आवाज वर येत होता.

पडद्यावर आडवी रेघ आली. डावीकडे संध्याकाळ, उजवीकडे पहाट. रेघेवर एक उंचवटा होता. त्याच्यानंतर मोकळी जागा, मग दुसरा. मग तिसरा.

चारुने टेबलाची कड धरली. लय तीच होती. जागा चिरेखाणीची होती.

“यंत्राचा काही दोष असेल,” नफिसा घाईने म्हणाली. तिला खरंच तसं वाटलं होतं. “बघा ना, माणूस असं करत नाही. मदत हवी असली तर दिवा लावूनच ठेवेल, किंवा सारखा उघडझाप करेल. हा दिवा थोडा वेळ लागतो आणि मग बराच वेळ बंद राहतो. पुन्हा थोडा वेळ. आणि हे अंतर बघा, दर वेळी जवळजवळ सारखं. असं नेमाने कोण—”

“बाकीचे दिवे दाखव,” चारु म्हणाली. “तळावरचे. पाहुण्यांचे.”

नफिसाने ते दाखवले. रेघेवर त्याच त्याच जागी दाट गर्दी उगवली, पंधरा-वीस बॅटऱ्यांची. प्रत्येक गर्दीच्या पोटात तो एक पिवळा उंचवटा नीट बसत होता. गर्दी सुरू झाल्यावर लागायचा, ती ओसरायच्या आत विझायचा.

चारुने टेबलाची कड सोडली. मग तिने सांगितलं. पहिली शिट्टी, विसावा, दुसरी शिट्टी. वाऱ्यावर शिट्टी खाणीपर्यंत जाते; माणसाची हाक तिथून वर येत नाही, विशेषतः बरगड्या मोडलेल्या असल्या तर. तो खड्ड्यात पडून शिट्टीची वाट बघायचा. शिट्टी झाली की बॅटरी लावायचा, वर धरायचा. दुसरी झाली की विझवायचा. पाहुण्यांचे फोटो खराब होऊ नयेत म्हणून.

“आणि आम्ही सगळे तेव्हाच आपापल्या बॅटऱ्या लावून बसलेलो असायचो,” ती म्हणाली. “डोळे दिपलेले. पाच मिनिटं आधी, अंधारात, त्याने एकदा जरी लावली असती तरी खाणीवर उजेडाचा फुगा दिसला असता. वीस माणसांना दिसला असता. ज्या वेळी कुणालाच दिसणार नाही, नेमक्या त्याच वेळी तो लावत होता.”

नफिसाच्या तोंडून प्रश्न निघून गेला. विचारल्यावर तिला जीभ चावावीशी वाटली.

“पण वहिनी, तेव्हा हेच कॅमेरे होते ना? यांना विसावा कशाला लागतो? कुणी दिवा लावला तर तेवढे कण वगळायचे. फोटोला काही होत नाही.”

“नाही होत.”

“मग शिट्टी?”

“कॅमेरे बसवायला आलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,” चारु म्हणाली. “म्हणाला, आता अंधाराचं एवढं सोवळं नको. मी हो म्हटलं. पण लोकांना ते सोवळंच आवडायचं. अंधारात गप्प बसायचं, शिट्टीची वाट बघायची. परत जाताना तेच सांगायचे एकमेकांना. म्हणून चालू ठेवलं. श्रीरंगला सांगायचं राहून गेलं. त्याला यंत्रांत गम्य नव्हतं, आणि त्याचा तो विनोद इतका चालायचा...”

पडद्यावर उजवीकडे, रेघेच्या शेवटाकडे, आणखी काही होतं. नफिसाने ते मोठं केलं. शेवटचा उंचवटा इतरांसारखाच पहिल्या शिट्टीनंतर सुरू झाला होता. पण दुसऱ्या शिट्टीला तो विझला नाही. एकदम खाली कोसळला, बॅटरी हातातून सुटून पालथी पडावी तसा, आणि मग बॅटरी कणभर उजेड जमिनीशी धरून तशीच जळत राहिली. फोटो टिपले जात असतानाही जळत राहिली. पहाटेपर्यंत. बॅटरी संपेपर्यंत.

फोटो टिपले जात असताना श्रीरंगने दिवा लावून ठेवला नसता.

नफिसालाही ते कळलं. तिने हळूच लॅपटॉपचं झाकण लावलं.

*

जिना उतरताना चारुने ठरवून टाकलं होतं. काही दिसलं नाही, असं सांगायचं. पडला आणि गेला.

आई पाटावर बसल्या होत्या. खवलेल्या नारळाची परात पुढ्यात होती. चारु समोर बसली.

“आई, त्या रात्रीचं बघितलं. काही नाही त्यात. डॉक्टर म्हणाले तसंच—”

“बाय,” आई म्हणाल्या, “ती बॅटरी त्या सांजेला मी चार्ज केली होती. वायर लावून, पुरी भरून त्याच्या हातात दिली. पोलिसांनी आणून दिली तेव्हा ती पेटेना. बटण चालू होतं आणि ती पेटेना.”

चारुने वर बघितलं.

“तेव्हापासून माहीत हाय मला. लगेच नाय गेला तो.”

“तुम्ही बोलला नाहीत.”

“तुला काय बोलू? तू ते डॉक्टरांचं वाक्य धरून उभी होतीस. काढून घेतलं असतं तर पडली असतीस.” त्यांनी परातीतला नारळाचा चव बोटांनी सारखा केला. “एकच गोष्ट मला सुटत नव्हती. बॅटरी लावली होती, तर वर एवढी माणसं होती. एकालाही कशी दिसली नाय? तीन वर्षं हेच. कधी वाटायचं, दिसली असेल आणि कुणी उठलं नसेल. कधी वाटायचं... तुझ्यावरही शंका घेतली, बाय. खोटं कशाला बोलू.”

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. चारुने सगळं सांगितलं. शिट्टीचं सांगितलं, कॅमेऱ्यांना तिची गरज नव्हती हेही. आवाज चढू न देता, काही न गाळता. ते संपलं तेव्हा आई परातीकडे बघत होत्या.

“शिट्टी ऐकत पडला होता?”

“हो.”

“आणि फोटो खराब होतील म्हणून विझवायचा?”

“हो.”

“लहानपणी सांगितलेलं एक ऐकायचा नाय,” आई म्हणाल्या. “एक नाय. आणि हे ऐकलं.”

त्या उठल्या. जिन्याचा कठडा धरून, दर पायरीला थांबत वर गेल्या. नफिसाने त्यांना खुर्ची दिली आणि दाखवू का, असं चारुकडे बघून विचारलं. चारुने मान डोलावली. रेघ पुन्हा पडद्यावर आली. आईंनी चष्मा पुसला आणि प्रत्येक उंचवट्यावर बोट ठेवत गेल्या, भाताच्या रोपांची ओळ तपासावी तशा.

“हा लावला. हा विझवला. हा लावला. विझवला.” बोट शेवटच्या उंचवट्याशी आलं. “हा लावला.” बोट पुढे सरकलं. थांबलं. “इथे विझवला नाय.”

“नाही,” चारु म्हणाली.

“विसरला?”

आईंनी चारुकडे बघितलं आणि उत्तराची वाट न बघता बोट काढून घेतलं.

“परत एकदा दाखव गो, पोरी,” त्या नफिसाला म्हणाल्या.

नफिसाने परत दाखवलं. त्यांनी आणखी एकदा मागितलं. मग म्हणाल्या, “पुसून टाका म्हणतायत ना सगळे? टाका.”

“एवढी एक रात्र तुम्ही ठेवू शकता,” नफिसा म्हणाली. “गावाचं त्यात काही नाही. फक्त हा दिवा वेगळा काढून देते.”

“ठेवून काय करू? रोज बघेन. रोज शिट्टी होईल आणि रोज तो लावेल.” म्हातारी उठली. “पुरे झालं त्याला. झोपू दे.”

त्या संध्याकाळी सरपंच, पांडूकाका आणि पटांगणात बोललेली बाई यांच्यासमोर नफिसाने सगळ्या नोंदी पुसल्या. पाच वर्षांच्या रात्री पुसायला फार वेळ लागला नाही. सरपंचांनी सुटकेचा श्वास घेतला. जाताना नफिसा म्हणाली, “परवानगी मागायला आले होते आणि...” वाक्य तिने पुरं केलं नाही. चारुने तिच्या पिशवीत कोकमाचा डबा घातला.

*

शिमग्याची पालखी घरोघर नाचून गेली. चाकरमानी आले आणि गेले. चैत्राच्या अमावास्येला हंगामाची शेवटची तुकडी वर आली. सोलापूरचे दोन शिक्षक, ठाण्याचं एक कुटुंब, आणि मागच्या वर्षी येऊन गेलेले एक निवृत्त इंजिनियर, परांजपे. कन्या राशीतल्या दीर्घिका वर येत होत्या. चारुने दुर्बिणी रोखल्या, कॅमेरे चालू केले आणि दीर्घिकेचा उजेड किती जुना ते सांगितलं.

“बाई, नियम सांगायचे राहिले तुमचे,” परांजपे म्हणाले. “ती शिट्टी. आणि ते तुमचे मिस्टर... काय ते म्हणायचे?”

“शिट्टी बंद केली,” चारु म्हणाली.

“अरेरे! का हो? त्यात तर मजा होती.”

वारा पडला होता. माणसं सवयीने गप्प बसली. अंधाराला कायदा लागत नाही हे चारुला इतक्या वर्षांनी दिसत होतं.

बऱ्याच वेळाने ठाण्याच्या बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “ते काय आहे?”

सड्याच्या कडेला, गावाकडून येणाऱ्या वाटेवर, पांढरा उजेड वर आला होता. लखलखीत, सरळ, कुणाला न घाबरणारा. त्यात एक बारीक काळी रेघ होती, काचेवर चरा असावा तशी. उजेड चिरेखाणीपाशी पोचला तेव्हा थांबला. खाली वळला, खड्ड्याच्या तळाशी काही वेळ राहिला. मग दर काही पावलांना थांबत पुन्हा वाटेला लागला आणि त्याच्यासोबत किटलीच्या कडीचा आवाज येऊ लागला.

“अहो, थांबवा त्यांना कुणीतरी!” परांजपे उठले. “कॅमेरे चालू आहेत, फोटो खराब होईल सगळा!”

“होत नाही,” चारु म्हणाली आणि त्या उजेडाला सामोरी चालू लागली. “कधीच होत नव्हता.”